काळ्या मातीवरचा व्यापारी भूखंड : पाण्याचा निचरा आणि मातीची धूप

अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर हे उत्तरेला गोदावरी आणि दक्षिणेला प्रवरा या दोन नद्यांच्या मधल्या सपाट, काळ्या जमिनीवर वाढलेले पेठेचे शहर आहे. दौंड–मनमाड लोहमार्गावरच्या बेलापूर स्थानकाभोवती आधी व्यापार जमला. पुढे १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरा डाव्या कालव्याने या भागात खेळू लागल्यावर ऊस वाढला, साखर कारखानदारी रुजली आणि पेठेला बरकत आली. आता ही पेठ आजूबाजूच्या शेतांवर सरकत असून कालपर्यंत पीक उभे असलेल्या रानात गाळ्यांची संकुले, गोदामे, पेट्रोल पंप आणि मंगल कार्यालये उभी राहत आहेत. जमीन बिनशेती झाली म्हणजे महसुली दप्तरात तिचा वापर तेवढा बदलतो. पावसाचे पाणी मात्र बांधकाम सुरू झाल्यापासून निराळ्या वाटेने आणि कितीतरी अधिक वेगाने वाहू लागते, आणि जाताना माती घेऊन जाते.

भूखंडावर पडलेले पाणी इमारतीला, शेजाऱ्याला आणि रस्त्याला इजा न करता योग्य प्रवाहापर्यंत पोचवणे याला निचरा म्हणतात, तर पाण्याच्या किंवा वाऱ्याच्या जोराने मातीचे कण सुटून वाहून जाणे ही धूप होय. बांधकामाच्या व्यवहारात या दोहोंचा विचार वेगवेगळा आणि बहुधा उशिरा होतो; गटार शेवटी बांधले जाते आणि धुपेचा तर आराखड्यात उल्लेखही नसतो. श्रीरामपूरच्या मातीत हा क्रम महागात पडतो, कारण येथील काळी माती एकदा पाण्यात मिसळली की ती परत पकडणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून या भागातील भूखंडाचे नियोजन माती झाकण्यापासून सुरू व्हावे, त्यानंतर पाण्याचा वेग कमी करावा आणि मगच पाणी बाहेर नेण्याची व्यवस्था आखावी, असा त्या मातीच्या गुणधर्मांचाच निष्कर्ष आहे.

पाऊस थोडा, पण एकदम

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या या तालुक्यात वर्षाकाठी सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, आणि त्यामुळे निचऱ्यावर खर्च कशाला, असा प्रश्न सहज विचारला जातो. परंतु गटाराचा आकार वर्षभराच्या पावसावर ठरत नसून पावसाच्या तीव्रतेवर, म्हणजे एका तासात किती मिलिमीटर पाणी पडते यावर ठरतो. मे महिन्यातील वळवाचा आणि सप्टेंबरातील परतीचा पाऊस विजांच्या कडकडाटासह थोड्या वेळात कोसळतो. वळवाच्या वेळी शेते नांगरून उघडी पडलेली असतात आणि बांधकामाच्या जागाही खणून ठेवलेल्या असतात. त्यामुळे वर्षभरात होणाऱ्या धुपेचा मोठा वाटा अशा मोजक्या सरींच्या खात्यावर जातो.

पावसाचा मोठा थेंब जमिनीवर सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने आदळतो आणि उघड्या मातीची ढेकळे फोडून बारीक कण उडवतो. वाहते पाणी माती नेते हे दिसते, पण ती सुटी करण्याचे काम बऱ्याच अंशी थेंबांच्या या माऱ्याने आधीच झालेले असते, हे विसाव्या शतकाच्या मध्यात झालेल्या प्रयोगांनी स्पष्ट केले. सुटलेले कण प्रथम पातळ थरासारख्या पाण्याबरोबर सरकतात, मग पाणी एकत्र येऊन बोटभर ओघळी पडतात, आणि या ओघळी वेळीच मोडल्या नाहीत तर त्यांच्या घळी होतात. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याला हलवता येणाऱ्या दगडाचे वजन तत्त्वतः चौसष्टपट होते. म्हणून उतार आणि वेग यांच्यातील लहानसा फरकही धुपेच्या हिशेबात फार मोठा ठरतो.

काळ्या मातीचा स्वभाव

दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेल्या या मातीत फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. उन्हाळ्यात ती आकसते आणि तिला हातभर खोल भेगा पडतात; पहिल्या पावसाचे पाणी या भेगांतून झपाट्याने आत जाते, परंतु माती फुगून भेगा मिटल्या की तिच्यात पाणी मुरण्याचा वेग तासाला काही मिलिमीटर इतका खाली येतो. त्यामुळे जूनच्या आरंभी पाणी पिऊन टाकणारे रान सप्टेंबरात तेवढ्याच पावसाला तुडुंब भरते. याच फुगण्या-आकसण्यामुळे पाया हलतो आणि भिंतींना तडे जातात, म्हणून बांधकामात काळी माती उपसून तिच्या जागी मुरुमाचा भराव टाकण्याची पद्धत आहे. उपसलेली माती मात्र भूखंडाच्या कडेला ढीग करून ठेवली जाते, आणि पावसाळ्यात धुपेचा पहिला बळी हाच ढीग असतो.

वाहून गेलेली माती खड्ड्यात थांबवता येईल, हा सर्वसाधारण समज येथे का फसतो ते कणांच्या आकारावरून कळते. स्थिर पाण्यात कण किती वेगाने खाली बसतो हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते, हा एकोणिसाव्या शतकात जॉर्ज स्टोक्स यांनी मांडलेला नियम आहे. त्यानुसार एक दशांश मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण एक मीटर खोल पाण्यात सुमारे दोन मिनिटांत तळाला जातो. एक शतांश मिलिमीटरच्या पोयट्याच्या कणाला सुमारे तीन तास लागतात. आणि एक सहस्रांश मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला जवळजवळ तेरा दिवस लागतात. गाळ बसवण्याचा खड्डा वाळू आणि पोयटा अडवू शकतो, पण चिकणमातीने गढूळ झालेले पाणी त्यातून तसेच पुढे जाते आणि संथ गटारात, नाल्यात किंवा मोरीत जाऊन हळूहळू बसते. वालुकामय मातीसाठी आखलेल्या परदेशी पुस्तकांतील नमुने येथे जसेच्या तसे उचलून भागत नाही ते यासाठीच.

पाण्याचा हिशेब

भूखंडातून सर्वाधिक किती पाणी बाहेर पडेल हे काढण्याची सर्वांत रूढ पद्धत आयर्लंडचे अभियंते थॉमस मुलवनी यांनी १८५० च्या सुमारास मांडली आणि अमेरिकेत एमिल कुइचलिंग यांनी १८८९ मध्ये ती शहरी गटारांना लावली. पडलेल्या पावसापैकी जितका अंश पृष्ठभागावरून वाहून जातो त्याला अपधाव गुणांक म्हणतात; हा गुणांक, पावसाची ताशी तीव्रता आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार केला की अपधावाचा प्रवाह मिळतो. लहान भूखंडांसाठी ही पद्धत पुरेशी असून केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाच्या २०१९ च्या पर्जन्यजल निचरा नियमपुस्तिकेतही तिला स्थान आहे.

उदाहरणासाठी एक हेक्टरचा, म्हणजे अडीच एकरांचा भूखंड आणि ताशी ५० मिलिमीटरचा पाऊस घेता येईल. ही तीव्रता अवास्तव नाही. मुंबईची जुनी पर्जन्यजलव्यवस्था ताशी २५ मिलिमीटरसाठी आखलेली होती आणि १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ती ५० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याची दिशा दिली. श्रीरामपूरच्या प्रत्यक्ष कामासाठी मात्र जवळच्या पर्जन्यमापकाच्या नोंदींवरून काढलेली तीव्रताच वापरली पाहिजे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी, म्हणून ५० मिलिमीटर म्हणजे तासाला ५०० घनमीटर. पीक उभ्या असलेल्या शेताचा गुणांक ०.३ धरला तर त्यातून तासाला १५० घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ४२ लिटर पाणी बाहेर पडेल. तेथेच छप्परे, काँक्रीटचे अंगण आणि वाहनतळ झाल्यावर गुणांक ०.८५ होतो आणि प्रवाह सेकंदाला सुमारे ११८ लिटरवर जातो. नाला तोच आणि पाऊसही तेवढाच, पण नाल्यावर येणारा भार पावणेतीन पटींहून अधिक झालेला असतो. याशिवाय गुळगुळीत काँक्रीटवरून पाणी लवकर एकत्र येत असल्याने हा भार पावसाच्या सुरुवातीलाच येऊन आदळतो.

बांधकामापूर्वी भूखंडातून जेवढा प्रवाह बाहेर जात होता त्याहून अधिक प्रवाह बांधकामानंतर जाऊ नये, हे आधुनिक निचरा-नियोजनाचे मूळ सूत्र आहे. वरील उदाहरणात हा फरक तासाला २७५ घनमीटरचा असून अर्ध्या तासाच्या सरीसाठी सुमारे १३८ घनमीटर पाणी काही काळ अडवून धरावे लागते. बारा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर खोल अशा उथळ तळ्यात ते मावते. हे तळे साठवणीसाठी नसून धारणेसाठी असते. त्याच्या तळाशी लहान नळी ठेवलेली असल्याने ते काही तासांत रिकामे होते आणि पुढच्या सरीला तयार राहते. नळीच्या तोंडावर जाळी आणि वरच्या बाजूला दगडी सांडवा असला म्हणजे नळी तुंबली किंवा पाऊस हिशेबापेक्षा मोठा झाला तरी पाणी बांध फोडून जात नाही.

चारी कोणती, नाला कोणता

कालव्याच्या लाभक्षेत्रात वसलेल्या शहराची एक अडचण इतर शहरांना नसते. येथे जमिनीवर पाण्याच्या दोन व्यवस्था शेजारी शेजारी असतात. कालव्यातून निघालेल्या वितरिका आणि चाऱ्या शेतांना पाणी पोचवण्यासाठी असल्याने त्या उंचवट्याच्या धारेवरून नेलेल्या असतात. पावसाचे आणि पाझराचे पाणी काढून नेणारे नाले व निचरा चर मात्र दोन उंचवट्यांच्या मधल्या सखल पट्ट्यातून जातात. चारी जसजशी पुढे जाते तसतसे तिचे पाणी शेतांत वाटले जात असल्याने तिचा काटछेद लहान होत जातो, तर नाल्याला वाटेत पाणी मिळत जात असल्याने तो पुढे रुंद होत जातो. एखाद्या संकुलाचे पावसाचे पाणी केवळ जवळ आहे म्हणून चारीत सोडले, तर ते उत्तरोत्तर अरुंद होणाऱ्या वाटेत शिरते आणि काही अंतरावर चारी फुटून कोणाच्या तरी उभ्या पिकात पसरते. त्याउलट सखल पट्ट्यातला नाला उन्हाळ्यात कोरडा दिसतो म्हणून भरावात गाडला गेला, तर वरच्या सगळ्या रानाचे पाणी त्याच ठिकाणी अडून राहते.

म्हणूनच भूखंडाचा आराखडा करताना गावनकाशावरील नाले, पाटबंधारे खात्याच्या चाऱ्या, लोहमार्गाच्या भरावाखालील मोऱ्या आणि जमिनीच्या प्रत्यक्ष पातळ्या यांचे एकत्र सर्वेक्षण आवश्यक ठरते. जमीन जवळजवळ सपाट असल्याने येथे डोळ्यांच्या अंदाजावर विसंबता येत नाही. पाचशे फुटांत फूटभराचाच उतार मिळत असेल, तर गटाराच्या तळात चार इंचांची चूक झाली तरी पाणी उलटे फिरते. गटारात पाण्याचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरच्या खाली गेला तर गाळ साचतो, आणि मातीच्या उघड्या चरात तो एक मीटरच्या फार पुढे गेला तर चरच खरवडला जातो. या दोन मर्यादांच्या मध्ये उतार बसवणे हे निचरा आखणाऱ्याचे मुख्य कौशल्य होय.

बांधकाम चालू असताना

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अनुमानानुसार बांधकामाच्या जागेवरून वाहून जाणाऱ्या गाळाचे प्रमाण शेतजमिनीच्या तुलनेत साधारणपणे दहा ते वीस पट असते, आणि म्हणून तेथे १९९० पासून मोठ्या व पुढे एक एकरापर्यंतच्या लहान बांधकामांनाही धूप-नियंत्रणाचा आराखडा सक्तीचा करण्यात आला. श्रीरामपूरमध्ये असे काम करण्यासाठी लागणारे बहुतेक साहित्य तालुक्यातच मिळते. पहिला उपाय वेळेचा आहे: खोदाई आणि भराव मेअखेर संपवून दाबून घ्यावा, आणि जो भाग पावसाळ्यानंतर बांधायचा आहे तो तोपर्यंत उकरूच नये, गवतासह तसाच राहू द्यावा.

दुसरा उपाय आच्छादनाचा आहे. उघड्या उतारावर हेक्टरी पाचएक टन काडीकचरा पसरला तर थेंबांचा मारा मातीपर्यंत पोचत नाही आणि धूप नव्वद टक्क्यांच्या आसपास घटते, असे धूप-संशोधनाने दाखवले आहे. ऊसपट्ट्यात यासाठी पाचट सर्वांत सोयीचे आहे. एका हेक्टर उसातून आठ ते दहा टन पाचट निघते, म्हणजे एका हेक्टर फडाचे पाचट दोन हेक्टर भूखंड झाकू शकते, आणि जे एरवी पेटवून दिले जाते ते येथे मातीचे रक्षण करते. पाचट वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर सुतळीची जाळी किंवा थोडी माती टाकावी लागते. कायमच्या उतारांवर हरळी लावावी, आणि चरांच्या कडेने वाळ्याच्या दाट ओळी लावाव्यात. वाळ्याची मुळे आडवी न पसरता खोल जात असल्याने तो पायाला किंवा फरशीला त्रास देत नाही.

तिसरा उपाय पाणी वळवण्याचा आहे. वरच्या बाजूच्या शेतातून येणारे स्वच्छ पाणी खोदलेल्या जागेत शिरण्याआधीच समपातळीला धरून काढलेल्या चराने बाजूने काढून दिले, तर गढूळ पाण्याचे आकारमानच कमी होते. उपसलेल्या मातीचा ढीग नाल्यापासून दूर, सपाट जागी असावा, त्याच्या पायथ्याशी दगडांची रांग किंवा मातीचा लहान बांध असावा आणि त्यातील वरचा सुपीक थर पुढे बागेसाठी वेगळा ठेवावा. सर्व उपायांनंतरही जे पाणी गढूळ होऊन येते त्याच्यासाठी भूखंडाच्या सखल टोकाला गाळखड्डा आणि कडेने खुंटांना ताणलेले जिओटेक्स्टाईल कापड लावले जाते. हा शेवटचा अडसर असतो. तेवढ्यावर भिस्त ठेवली तर चिकणमातीचे कण त्यातून निसटतातच.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे वाहनांची वाट. पावसात काळी माती चाकांना थापीथापीने चिकटते आणि डंपर रस्त्यावर आला की तेथे उतरते. त्या चिखलावरून दुचाक्या घसरतात आणि तोच चिखल पुढच्या सरीत गटारात जातो. फाटकापाशी पंधरावीस मीटर लांबीत जाड खडीचा थर दिला तर चाके त्यावरून येताना बरीच झटकली जातात. खडी चिखलाने भरली की ती उचलून नवी टाकावी लागते. काँक्रीट मिश्रक धुतलेले पाणी तीव्र अल्कधर्मी असते, म्हणून त्यासाठी वेगळा, अस्तर घातलेला खड्डा असावा आणि ते नाल्यात सोडू नये.

इमारत उभी राहिल्यावर

राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना पर्जन्यजल संचयनाची व्यवस्था करावी लागते. हजार चौरस मीटर छपरावर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर गळती-बाष्पीभवन वजा जाता सव्वाचार लाख लिटरच्या आसपास पाणी मिळू शकते, आणि कालव्याच्या आवर्तनावर तलाव भरून घेणाऱ्या शहरात त्याचे मोल मोठे आहे. मात्र शोषखड्डा कोठेही खणून चालत नाही. काळ्या मातीत खणलेला खड्डा नुसता भरून राहतो. तो माती ओलांडून खालच्या मुरुमापर्यंत किंवा भेगाळ खडकापर्यंत गेला तरच पाणी मुरते. पायालगत मुरवलेले पाणी काळी माती फुगवून पायालाच धक्का देते, म्हणून खड्डा इमारतीपासून पुरेसा दूर हवा. शिवाय कालव्याच्या पाण्याने भूजल वर येऊन ज्या जमिनी चिबड किंवा क्षारपड झाल्या आहेत तेथे आणखी पाणी मुरवणे अनाठायी ठरते; शेजारच्या विहिरीची पावसाळ्याअखेरची पातळी पाहिली तरी निर्णय करता येतो. अशा ठिकाणी छपराचे पाणी टाकीत साठवून वापरणे आणि उरलेले धारणतळ्यातून सावकाश सोडणे हाच योग्य मार्ग होय. वाहनतळावरील पहिल्या पाण्यात तेल आणि टायरची भुकटी असते, म्हणून ते शोषखड्ड्यात न नेता तेलरोधक चेंबरमधून गटाराकडे न्यावे.

धारणतळे, चेंबर आणि जाळ्या यांची देखभाल कोणाकडे, हे गाळे विकण्यापूर्वीच करारात लिहिलेले असले पाहिजे. विकासक निघून गेल्यावर सामाईक जागेची जबाबदारी कोणाचीच राहत नाही, आणि पावसाळ्यापूर्वीची एक साफसफाई चुकली की पूर्ण व्यवस्था निकामी होते.

कायदा आणि जिल्ह्याचा वारसा

२० हजार चौरस मीटर किंवा अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांना १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार आधी पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते. तालुक्याच्या ठिकाणची गाळ्यांची संकुले बहुधा या मर्यादेच्या बरीच खाली राहतात. त्यांना लागू पडणारे जुने तत्त्व १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात आहे. त्यानुसार वरच्या जमिनीवर नैसर्गिकरीत्या पडणारे आणि ठरावीक प्रवाहात नसलेले पाणी खालच्या जमिनीवर नैसर्गिकपणे वाहू देणे हे खालच्या मालकाला बंधनकारक असते. येथे ‘नैसर्गिक’ या अटीला महत्त्व आहे. भराव टाकून उंच केलेल्या भूखंडाचे एका नळीत गोळा केलेले पाणी शेजाऱ्याच्या बांधावर सोडणे या अटीत बसवणे कठीण आहे, आणि खालच्या मालकाने भिंत घालून वरचे पाणी अडवणेही तसेच.

मृद्संधारणाचे शास्त्र या जिल्ह्याला नवे नाही. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी, नगर तालुक्यातील हिवरे बाजार आणि संगमनेर तालुक्यातील दरेवाडी येथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमाने उपचार करून, समपातळीचे चर खणून आणि गवत राखून माती व पाणी जागच्या जागी थांबवण्याचे काम झाले, आणि शेजारच्या राहुरीत महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. डोंगरउतारासाठी सिद्ध झालेली तीच तत्त्वे सपाट भूखंडावर फक्त लहान प्रमाणात वापरायची असतात. नगरपरिषदेने बांधकाम परवानगीच्या नकाशांबरोबर एकच जादा नकाशा मागितला, ज्यावर जमिनीच्या पातळ्या, पाणी जाण्याचा नाला, मातीच्या ढिगाची जागा, धारणतळे आणि कामाचा महिनावार क्रम दाखवलेला असेल, तर बहुतेक चुका पहिली कुदळ पडण्यापूर्वीच उघड होतील. आणि त्या वेळी दुरुस्तीचा खर्च कागदावरची रेघ बदलण्याएवढाच असतो.